गाडीतून उतरणाऱ्याला बोट मिळाली पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणातील जलवाहतूक पुन्हा सुरू करण्याच्या बातम्या गेली काही वर्षे सातत्याने येत आहेत आणि २०२५ मध्ये मुंबईहून जयगड व विजयदुर्गपर्यंत रो-रो बोटीची, म्हणजे माणसांबरोबर मोटारीही थेट आत चढवून नेणाऱ्या बोटीची, घोषणा झाली, तेव्हा आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना मनापासून आनंद झाला. परंतु या सगळ्या चर्चेत बोटीचा वेग, तीत मावणाऱ्या मोटारी आणि तिकिटाचा दर यांवरच भर असतो. बोटीतून उतरलेला माणूस पुढे कशाने जाणार, किंवा रात्रभर रेल्वेने आलेला माणूस जेट्टीवर वेळेत कसा पोचणार, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

गेल्या वर्षी मी आणि माझी पत्नी मुलाकडून, केरळातून परत येत होतो. गाडी पहाटे पोचायची, तिला पावणेदोन तास उशीर झाला. खाडीकडे जाणारी एसटी तोवर निघून गेली होती. रिक्षा करून आम्ही जेट्टीवर आलो, तर फेरीबोटीचा पुढचा उताराचा पत्रा नुकताच वर उचललेला, त्याच्या साखळ्यांतून पाणी गळते आहे आणि बोट जेमतेम पन्नास-साठ हात पुढे गेलेली! पत्नीचे गुडघे दुखत होते. ती सामानाच्या पिशवीवरच बसली. पलीकडच्या किनाऱ्यावरची आमच्या गावाकडे जाणारी वडाप समोर दिसत होती. बोट परत आल्यावर तिच्यावरचा खलाशी म्हणाला, “काका, गाडीला उशीर झालाय हे कळलं असतं, तर दहा मिनिटं थांबलो असतो की.” त्या माणसाचा यात काहीच दोष नव्हता, आणि खरे सांगायचे तर दुसऱ्याही कोणाचा नव्हता. त्याला कळवण्याचे काम मुळात कोणाकडेच सोपवलेले नाही.

कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला. रोहा ते वीर हा सुमारे ४६ किलोमीटरचा भाग सोडला तर हा मार्ग बहुतांशी एकेरी आहे, त्यामुळे एक गाडी रेंगाळली की समोरून येणारीला क्रॉसिंगसाठी ताटकळावे लागते. पावसाळी वेळापत्रकात वेग आणखी कमी होतो आणि दरडींचा धोका पाहता तो कमी करणे योग्यच आहे. म्हणजे रात्रीच्या गाडीला उशीर होणे ही येथे अपेक्षित गोष्ट आहे. ती धरूनच पुढची जोडणी आखायला हवी.

आमच्या वडिलांच्या पिढीला हे ठाऊक होते. त्या काळी मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून निघालेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत पणजीला जाई. १९६१ पूर्वी तिचा शेवटचा टप्पा परक्या राज्यात पडत असे आणि उतारूंना पोर्तुगीज कस्टमला तोंड द्यावे लागे. अनेक बंदरांत आगबोट किनाऱ्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि पडाव माणसांना उतरवून आणीत. आगबोट दोन तास उशिरा आली तर पडावही दोन तास वाट पाहत. लहान बोटीने मोठ्या बोटीसाठी थांबायचे, हा तेव्हाचा साधा शिरस्ता होता.

आपल्याच देशात १९१४ पासून मद्रासहून धनुष्कोडीपर्यंत ‘बोट मेल’ गाडी, तेथून बोटीने तलाईमन्नार आणि पुढे पुन्हा गाडीने कोलंबो असा प्रवास होत असे. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडी उद्ध्वस्त झाले आणि ती जोडणी तुटली. इटलीत रोमहून सिसिलीला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीचे डबे आजही मेसिनाच्या सामुद्रधुनीवर जहाजात चढवले जातात आणि प्रवासी आपल्या बर्थवर झोपून राहू शकतो. लंडनहून हार्विच बंदर, तेथून रात्रीची बोट आणि सकाळी नेदरलँड्समधील कोणतेही स्टेशन, असा दोन देशांतला प्रवास एकाच तिकिटावर होतो. आमच्या खाडीवर डबे बोटीत चढवावेत अशी मागणी कोणी करणार नाही. पण जी कोकण रेल्वे १९९९ पासून भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून नेते आहे, तिला रस्ता आणि रूळ यांची सांगड घालणे नवे नाही. आता त्यात पाणीही यावे, एवढेच म्हणणे आहे.

राज्यातील बंदरांचा कारभार पाहणारे मेरीटाइम बोर्ड, कोकण रेल्वे आणि एसटी महामंडळ यांनी एकत्र बसून निदान एका खाडीवर हा प्रयोग करावा. रात्रीच्या एका गाडीला एक एसटी आणि त्या एसटीला एक फेरी बांधून द्यावी, या तिघांचे तिकीट एकत्र मिळावे आणि गाडीला उशीर झाल्यास स्टेशन मास्तरांच्या कार्यालयातून जेट्टीवर फोन जावा. नव्या रो-रो बोटींच्या बाबतीत तर हे आरंभीच ठरले पाहिजे, कारण जयगड आणि विजयदुर्ग ही दोन्ही बंदरे रेल्वेमार्गापासून बरीच दूर आहेत. एकत्रित तिकिटाला वेळ लागेल हे मान्य. जेट्टीवरील खिडकीचा फोन नंबर स्टेशनात आणि एसटी स्थानकात ठळक लिहून लावण्यास मात्र एक दिवसही पुरेसा आहे. तो येत्या चतुर्थीपूर्वी लागावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, ता. गुहागर, जि. रत्नागिरी