वाहनतळाआधी रस्त्याच्या कडेचा हिशेब मांडा

महोदय,

मुंबईच्या फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, नरिमन पॉइंट परिसरात गाडी लावायला जागा मिळत नाही, हे खरेच आहे. पण त्यावर दर वेळी नव्या वाहनतळाचीच मागणी होते. महापालिकेने आधी हातात असलेली रस्त्याकडेची जागा नीट वापरावी.

फुटपाथला समांतर लावलेल्या एका मोटारीला साधारण सहा मीटर लागतात, म्हणजे साठ मीटरमध्ये दहा गाड्या. ऑफिसला येणाऱ्याने सकाळी दहाला लावलेली गाडी संध्याकाळी सातला काढली, तर त्या दहा जागा दिवसभरात दहाच जणांच्या कामी येतात. तिथे गाड्या सरासरी दीडच तास थांबल्या, तर त्याच नऊ तासांत साठ जणांची सोय होते.

हे साधते दराने. दिवसभर थांबणाऱ्याला वाहनतळ स्वस्त आणि रस्ता महाग पडला पाहिजे. दोन्हीकडे सारखाच दर असेल तर दारासमोरची जागा सोडून तळघरात कोण उतरेल? म्हणून रस्त्यावर पहिला तास माफक, पुढे चढता दर, आणि ऑफिसच्या गाड्यांना मासिक पास अजिबात नको. पार्किंगचे शुल्क जागेच्या मोलाशी जुळावे, असे २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातही म्हटले आहे.

दर अंदाजाने ठरवू नयेत. जागांना क्रमांक द्यावेत आणि कामाच्या दिवशी दर अर्ध्या तासाने प्रत्येक जागेवरील गाडीचा नंबर टिपावा. किती जागा भरतात आणि कोण किती वेळ थांबतो, दोन्ही कळते. सातांतली एक जागा रिकामी राहील, इतका दर योग्य. सगळ्याच भरल्या तर वाढवा, निम्म्या ओस पडल्या तर उतरवा. सॅन फ्रान्सिस्कोने २०११ पासून रस्त्यागणिक असे दर बदलून पाहिले आहेत.

खरी गळती ठेक्यात होते. ठरावीक रक्कम भरून ‘पे अँड पार्क’ चालवायला घेतले की गाड्या दुहेरी लावणे, पावती न देणे, ठरलेल्या गाड्यांना जागा राखून ठेवणे यातच ठेकेदाराचा फायदा असतो. त्यापेक्षा त्याला कामाचा ठरावीक मोबदला द्यावा. शुल्क मशीनच्या पावतीवर किंवा यूपीआयने थेट महापालिकेच्या खात्यात जावे, आणि प्रत्येक रस्त्याची जमा दरमहा जाहीर व्हावी. जमेतला वाटा त्याच वॉर्डच्या फुटपाथवर खर्च झाला तर रहिवाशांचा विरोधही मावळेल.

दंडाचेही तसेच. जुलै २०१९ मध्ये सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरातील बेकायदा पार्किंगला ५ ते २३ हजार रुपये दंड जाहीर झाला होता. एवढा दंड रोज, प्रत्येक गाडीला लावणे व्यवहारात जमत नाही. मग वाद होतात आणि कारवाई थंडावते. दंड मध्यम असावा, पण चुकू नये. टेम्पोंच्या चढ-उतारासाठी सकाळच्या राखीव जागा आखल्याच पाहिजेत, नाहीतर त्यांच्या दुहेरी रांगेपायी बेस्टच्या बसही अडकतात.

लिफ्टने गाड्या वर नेऊन ठेवणारा यांत्रिक पार्किंग मनोरा बांधायचाच असेल तर क्षमतेआधी वेग विचारावा. दोन लिफ्ट, प्रत्येक गाडीला तीन मिनिटे, म्हणजे तासाला चाळीस गाड्या. ऑफिस सुटल्यावर दोनशे गाड्या मागितल्या गेल्या तर शेवटच्याला पाच तास थांबावे लागेल. संध्याकाळी तासाला किती गाड्या बाहेर येतील, हा आकडा निविदेतच लिहून घ्यावा आणि चाचणीत तो गाठल्याशिवाय अंतिम बिल देऊ नये.

– एक नगररचना अभियंता, गिरगाव