रामेश्वर-कन्याकुमारी दिवाळीत नको, संक्रांतीनंतर

मा. संपादक,

सोयाबीनची रास झाली, हातात चार पैसे आले आणि शाळांना सुट्टी लागली की लातूर, नांदेड, परभणीकडून दक्षिणेच्या सहलीच्या बसगाड्या सुटू लागतात. आपल्याकडचा पावसाळा संपलेला असतो, म्हणून हा काळ सोयीचा वाटतो. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मात्र मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर याच महिन्यांत, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो आणि वादळंही तेव्हाच. १९६४ साली २२-२३ डिसेंबरच्या रात्री रामेश्वर बेटाच्या टोकावरचं धनुष्कोडी गाव वाहून गेलं ते अशाच वादळात. समुद्र खवळला की कन्याकुमारीला विवेकानंद शिलास्मारकाच्या बोटी बंद ठेवतात, वारा वाढला की रामेश्वरला जाणाऱ्या समुद्रातल्या पांबन पुलावर रेल्वे थांबवतात. त्यात नोव्हेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत केरळातल्या शबरीमलाला जाणाऱ्या भाविकांची इकडेही गर्दी असते, खोल्या मिळत नाहीत.

म्हणून सहल काढणाऱ्यांना कळकळीची विनंती, तूर घरात आल्यावर, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत निघा. त्यातही पौष अमावास्या आणि महाशिवरात्र टाळा. तमिळ लोकांत ती अमावास्या पितृकार्याची असते आणि रामेश्वरच्या अग्नितीर्थावर पाय ठेवायला जागा उरत नाही.

मुहूर्ताइतकाच घोळ वेळापत्रकात होतो. औंढा-परळीच्या सवयीने आपण भर दुपारी मंदिरापुढे जाऊन उभे राहतो. तिकडे मंदिरं दुपारी बंद असतात, मदुराईचं मीनाक्षी आणि कन्याकुमारीचं देवीमंदिर साधारण साडेबारा ते चार, रामेश्वर एक ते तीन. वयस्कर माणसं तापलेल्या दगडावर अनवाणी ताटकळतात. उपाय सोपा आहे, दुपार प्रवासाला द्यायची. मदुराईचं दर्शन बाराच्या आत उरकून जेवून निघालं, की जवळपास १७० किलोमीटरवरचं रामेश्वर संध्याकाळपर्यंत गाठता येतं.

रामेश्वरला क्रम चुकला की सगळी सकाळ जाते. पहाटे पाच ते सहा स्फटिकलिंगाचं दर्शन असतं, ते कोरड्या कपड्यांत आधी घ्यावं. मग समुद्रात अग्नितीर्थावर स्नान, त्यानंतर मंदिराच्या आवारातली २२ तीर्थं. प्रत्येक विहिरीवर माणूस बादलीने पाणी शेंदून अंगावर ओततो. ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे सोडत नाहीत, तेव्हा कोरडा जोड घेऊन एकाने बाहेर थांबावं. फोनही त्याच्याकडेच द्यावा, २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या मंदिरांत मोबाइलला बंदी घालायचे आदेश दिले आहेत. बायकांनी पातळ, फिक्या रंगाची साडी नेसू नये. फरशी सतत ओली असते. गुडघे दुखणाऱ्यांनी सगळ्या विहिरी फिरण्याचा हट्ट धरू नये, दोन-तीन ठिकाणचं पाणी डोक्यावर घेतलं तरी पुरे.

समुद्राबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपली पोरं विहिरीत पोहायला शिकतात. विहिरीचं पाणी ओढत नाही. अग्नितीर्थाजवळ पाणी उथळ आणि बरंचसं शांत असतं, तीच सवय घेऊन पोरं धनुष्कोडीच्या टोकाला, अरिचलमुनईला उतरू पाहतात. तिथे प्रवाह जोरदार आहेत, पाण्यात जाऊच नये. कन्याकुमारीच्या खडकांवरही तेच. कुठल्याही किनाऱ्यावर दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा सपाट, गढूळ दिसतोय, अशी जागा सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच आत परततं आणि माणसाला सोबत नेतं. त्यात सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्याबाहेर पडावं, मग लाटांबरोबर परत यावं. पोहता येत नसेल तर घोट्यापेक्षा जास्त पाण्यात जाऊ नये.

पोशाखाचं निघण्याआधीच सांगून ठेवावं. कन्याकुमारी, त्याजवळचं शुचींद्रम आणि तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो. पद्मनाभस्वामीला पँटही चालत नाही, धोतर किंवा मुंडू लागतं. आपल्याकडच्या आजोबांची सोय आधीच झालेली असते, नातवासाठी एक साधं पांढरं धोतर बॅगेत टाकावं.

शेवटचं स्वयंपाकाचं. बसबरोबर आचारी नेतात, पण रेल्वेने जाताना शेगडी किंवा सिलिंडर लपवून नेण्याचा मोह कोणी करू नये. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराई स्थानकात यात्रेकरूंच्या डब्याला सिलिंडरमुळे आग लागून नऊ जण गेले. भाकरी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी दोन दिवस सहज टिकते. पुढे इडली आणि दहीभात जागोजागी मिळतो.

आपला,
एक वाचक, परभणी