झगे छापले, पण त्यामागचे द्राक्षवाले राहिले

मा. संपादक, स. न.

रविवारच्या पुरवणीत फ्रान्समधल्या वाईन मंडळाचा फोटो आला आणि खाली श्रीमंतांची हौस म्हणून दोन ओळीत उरकलं, ते वाचून खरंच वाईट वाटलं म्हणून लिहितेय. आमचं घर निफाडकडचं, द्राक्षवाल्यांचं, माल पडून राहिला की काय होतं ते घरातल्या पोरासोरांनाही माहितीये.

फोटोतले ते लाल-सोनेरी झगेवाले म्हणजे फ्रान्सच्या बरगंडी ह्या वाईनच्या प्रांतातलं शेवालिए द्यु तास्तव्हँ हे मंडळ. नोव्हेंबर १९३४ मध्ये न्युई-सें-जॉर्ज गावातल्या एका तळघरात हे मंडळ सुरू झालं. तेव्हा जगभर मंदी, अमेरिकेतली दारूबंदी आदल्याच वर्षी उठलेली, इकडे पिंपं भरलेली आणि गिऱ्हाईक नाही. मग जॉर्ज फेवले आणि कामिय रोदिए ह्या दोघांनी ठरवलं की वाईन कोणी विकत घेत नाही ना, तर लोकांना इथंच बोलवू आणि आपल्यासोबत प्यायला बसवू. झगे, गाणी, बायबलातला नोहा, वाईनचा देव बॅकस आणि द्राक्षवाल्यांचा संत व्हिन्सेंट ह्यांचं नाव घेऊन नव्या सभासदाच्या खांद्याला द्राक्षाचं खोड टेकवणं, हे सगळं त्यासाठीच, पाहुणा घरी गेला की बरगंडीचं नाव सांगत सुटायला पाहिजे! १९४४ मध्ये तर मंडळानं तिथल्या क्लो द वूजो ह्या द्राक्षमळ्यातला जुना वाडाच घेतला आणि मेजवान्या तिथं होतात. त्या महाग असतात, बडे लोक येतात, ते मी नाकारत नाही.

पण ह्याच मंडळानं १९३८ पासून संत व्हिन्सेंटचा फिरता उत्सव सुरू केलाय, जानेवारीअखेर, दरवर्षी वेगळ्या गावात, आणि मला सगळ्यात मोलाचं तेच वाटतं. गावोगावच्या व्हिन्सेंट मंडळ्या भर थंडीत आपापल्या संताची मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणुकीनं येतात, आणि ह्या मंडळ्यांचं मूळ काम काय तर कोणी द्राक्षवाला आजारी पडला की त्याच्या बागेतलं काम बाकीच्यांनी जाऊन करायचं, आपल्याकडं इर्जिक असायची तसंच.

सगळी मंडळं १९३४ नंतरची असंही नाही. सेंतेमिलियों ह्या फ्रान्समधल्याच वाईनच्या गावातल्या ज्युराद नावाच्या मंडळाला ११९९ मध्ये इंग्लंडच्या जॉन राजानं सनद दिली होती, फ्रेंच राज्यक्रांतीत ते मंडळ बंद पडलं, १९४८ मध्ये लोकांनी परत उभं केलं. आजही द्राक्षतोडणीचा हंगाम त्याचे सभासद बुरुजावर चढून जाहीर करतात.

तर विनंती एवढीच, जानेवारीत तो फिरता उत्सव होईल तेव्हा त्याच्यावर नीट अर्धं पान द्या, आणि मिरवणुकीतल्या द्राक्षवाल्यांचा फोटो मोठा छापा.

आपली,
एक वाचक, निफाड