कुंभार गल्ली आणि पुराची पातळी नकाशात आधीच उतरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोल्हापूरच्या सुधारित विकास योजनेवर बोलणे निघाले की हद्दवाढ आणि रस्तारुंदी यांवरच गाडी अडते. आमच्या मते योजना बिघडते किंवा सुधारते ती त्याआधी, विद्यमान जमीन वापर नकाशा तयार होताना. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप योजना या नकाशावर उभी राहते. त्यात जे उतरले नाही, ते हरकती-सूचनांच्या मुदतीत घुसवणे कठीण असते. सुनावणीला येणारा माणूस बहुधा स्वतःच्या भूखंडावरचे आरक्षण (सार्वजनिक कामासाठी जागा राखून ठेवणे) काढायला येतो. अख्ख्या गल्लीची बाजू मांडणारा क्वचितच सापडतो.

शाहूपुरीतील कुंभार गल्ली घ्या. घर तेच, कारखाना तोच. नकाशात तिथे नुसता निवासी पिवळा रंग भरला, तर मूर्तिकामाचा व्यवसाय कागदावर उरतच नाही आणि पुनर्विकासात मूर्ती वाळवायची मोकळी जागा सर्वांत आधी जाते. म्हणून सर्वेक्षणात प्रत्येक सिटी सर्व्हे क्रमांकापुढे तळमजल्याचा वापर, वाळवणाची जागा आणि मूर्ती ठेवण्याची जागा वेगळी नोंदवावी. सुभाषनगरच्या चप्पल कारागिरांसाठीही हेच करावे.

या गल्लीला पुराचे पाणी जयंती नाल्यातून येते. पंचगंगा फुगली की नाल्याचे पाणी नदीत जायचे थांबते, मागे तुंबते आणि वस्तीत शिरते. तेही नेमके जुलै-ऑगस्टमध्ये, गणपतीच्या मूर्ती अर्ध्या तयार असताना. तेव्हा निळी (नदीजवळची, मोठ्या पुराची) आणि लाल (तिच्या बाहेरची, अतिमोठ्या पुराची) पूररेषा मुख्य नदीपुरती आखून भागणार नाही. जयंती आणि दुधाळी नाल्यांवर, फुगवटा पोचतो तिथपर्यंत, ती न्यावी लागेल.

इथे एक तांत्रिक चूक सहज होते. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावरची पातळी फुटांत सांगतात: धोका पातळी ४३ फूट, २०१९ मध्ये ५५ फुटांच्या वर, २०२१ मध्ये ५६ च्या वर. हे आकडे त्या मोजपट्टीच्या शून्यापासूनचे आहेत. त्यांना ०.३०४८ ने गुणून मीटर केल्याशिवाय आणि त्यांत शून्याची समुद्रसपाटीपासूनची उंची जोडल्याशिवाय ते नकाशावर घेता येत नाहीत. शिवाय नदीच्या पाण्याला उतार असतो. बंधाऱ्यावरची पातळी शाहूपुरीत जशीच्या तशी लागू पडत नाही. भिंतींवर राहिलेल्या पुराच्या खुणा लेव्हल यंत्राने मोजून सिटी सर्व्हे क्रमांकानुसार नोंदवणे हाच भरवशाचा मार्ग आहे. रंगरंगोटीत या खुणा दरवर्षी कमी होत आहेत, त्यामुळे हे काम लांबवू नये.

एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार निळ्या आणि लाल रेषेच्या दरम्यान, लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचीवर बांधकामाला परवानगी मिळू शकते. ही उंची मुरूम-मातीचा भराव टाकून गाठली, तर पाण्याची जागा हिरावली जाते आणि शेजारची जुनी बैठी घरे आणखी बुडतात. आमचा यावर ठाम आक्षेप आहे. त्या पट्ट्यात उंची खांबांवरच घ्यावी आणि खालचा भाग पाण्यासाठी मोकळा ठेवावा, अशी अट योजनेच्या अहवालातच हवी.

मूर्तिकारांसाठी लाल रेषेच्या बाहेर, गल्लीपासून हातगाडीच्या अंतरात, सामाईक कार्यशाळेचे आरक्षण ठेवावे: पक्के छत, हवेशीर बाजू, ट्रक मागे घेता येईल एवढा रस्ता. मात्र नुसते आरक्षण पुरेसे नाही. योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा ताब्यात आली नाही, तर मालक १९६६ च्या त्याच अधिनियमाच्या कलम १२७ खाली नोटीस देतो आणि पुढच्या २४ महिन्यांत भूसंपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत (आपोआप रद्द) होते. त्यामुळे प्रत्येक आरक्षणापुढे ती जागा मोबदला देऊन घ्यायची की टीडीआरवर (पैशांऐवजी दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क देऊन), आणि कोणत्या वर्षाच्या अंदाजपत्रकातून, हे लिहावे. दरवर्षी ३१ जुलैपूर्वी महापालिकेच्या सभागृहापुढे येणाऱ्या पर्यावरण सद्यस्थिती अहवालात त्यांपैकी किती जागा ताब्यात आल्या आणि पूरपट्ट्यात किती भराव पडला, याचा तक्ता जोडावा.

– नगररचना विषयाचे काही अभ्यासक, कोल्हापूर