मोटरहोमनं स्कॉटलंडची बेटं : कुठली घ्यावीत, कुठली सोडावीत

प्रिय मकरंद,
सप्रेम नमस्कार.

तुझी यादी मिळाली. स्काय, लुईस, हॅरिस, बॅरा, ऑर्कनी, मल आणि आयला, सगळं मोटरहोमनं, म्हणजे आतच झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीनं, चौदा दिवसांत, आणि तेही अनंत चतुर्दशीनंतर निघून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. ही यादी बोटींच्या वेळापत्रकावर मांडून पाहिलीस तर निम्मे दिवस धक्क्यावरच्या रांगेत जातील. जून महिन्यात कुठलंही बेट निव्वळ फोटो बघून निवडलं तरी निभावतं. ऑक्टोबरात मात्र तिथून परतायच्या वाटा किती आहेत ते आधी मोजायचं आणि मगच बेट ठरवायचं.

सप्टेंबरच्या शेवटापासून अटलांटिकवरून वादळं एकामागून एक यायला लागतात. बोट रद्द होते ती पुष्कळदा भर समुद्रातल्या लाटांमुळे नव्हे, तर धक्क्याला लागताना वारा आडवा मारतो म्हणून. ओबनहून बॅराला जाणारी बोट पावणेपाच तास घेते, उल्लापूलहून लुईसवरच्या स्टॉर्नोवेला जाणारी अडीच-पावणेतीन तास, आणि दोन्ही मार्ग उघड्या पाण्यातून जातात. अशी एक फेरी रद्द झाली की पुढच्या बोटीत आधीच आरक्षण केलेल्या गाड्या असतात. पायी प्रवाशाला कशीही जागा मिळते, पण सात मीटर लांबीच्या गाडीला दोन दिवस थांबावं लागू शकतं. शिवाय कॅलमॅकचं, म्हणजे पश्चिमेकडच्या बहुतेक बोटी चालवणाऱ्या कंपनीचं, उन्हाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या उत्तरार्धात संपतं आणि काही मार्ग त्यानंतर बदलतातच. तुमचं विमान ठरलेलं, गाडी परत द्यायची तारीख ठरलेली, त्यामुळे हा धोका घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या मते तुम्ही आरन, आयला आणि मल ही तीनच बेटं घ्या. तिन्हींचे प्रवास छोटे आहेत, एकाची बोट जिथे सोडते तिथून दुसऱ्याचा धक्का जवळ आहे, आणि आरन व मल यांना तर येण्याजाण्याचे दोन-दोन मार्ग आहेत.

ग्लासगोला गाडी ताब्यात घेतलीत की पहिली बोट आरनच्या ब्रॉडिकची. तिकिटावर ट्रून लिहिलंय की आर्ड्रोसन, हे नीट वाच. दोन्ही बंदरं एकाच किनाऱ्यावर आहेत, पण मध्ये वीस-पंचवीस किलोमीटर अंतर आहे आणि चुकीच्या बंदरावर पोचलात तर बोट गेलीच. आरनला तीन रात्री द्या. बेटाभोवतीचा रस्ता सुमारे नव्वद किलोमीटरचा आहे. मोटरहोमनं एका दिवसात होतो, पण दोन दिवसांत करा. मॅखरी मूरचे उभे पाषाण बघायला गाडी रस्त्याकडेच्या तळावर ठेवून दोनेक किलोमीटर चालावं लागतं. लॉखरॅन्झाला मुक्काम जरूर करा. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा तांबड्या हरणांच्या माजाचा काळ. संध्याकाळी नरांचं डुरकणं गाडीत बसून ऐकू येतं. ती हरणं वस्तीत निवांत चरतात म्हणून माणसाळलेली समजू नका. माजावरच्या नरापासून पन्नास पावलं तरी लांब राहा.

लॉखरॅन्झाहून क्लोनेगला जाणारी छोटी उघडी बोट अर्ध्या तासात मुख्य भूमीच्या किनटायर द्वीपकल्पावर सोडते. हिवाळी वेळापत्रक सुरू झालं की ती क्लोनेगऐवजी टार्बर्टला जाते, आणि तीही फार थोड्या फेऱ्या करते. म्हणून हा टप्पा सहलीच्या सुरुवातीलाच उरका. क्लोनेगहून आयलाच्या बोटीचा केनाक्रेग धक्का दहा किलोमीटरच्या आत आहे, पण रस्ता एकेरी, म्हणजे एकाच गाडीच्या रुंदीचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या दोघांसाठी तोच. अर्धा तास हाताशी ठेवा.

आयलाची बोट सव्वादोन तासांच्या आसपास घेते आणि पोर्ट एलन किंवा पोर्ट अ‍ॅस्केग, दोन्हींपैकी एका धक्क्याला लागते. पोर्ट अ‍ॅस्केग आयला आणि जुरा यांच्यामधल्या अरुंद खाडीत असल्यामुळे वाऱ्यापासून बरंच आडोशाला आहे. पोर्ट एलनला वारा फार असला की बोट तिकडे वळवतात. तसं झालं तर घाबरू नका, बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तासाभराची गाडी आहे. ऑक्टोबर सुरू झाला की ग्रीनलंडहून बार्नॅकल हंस आयलावर उतरतात, हजारोंनी. लॉख ग्रुइनार्टच्या पक्षी अभयारण्यात पहाटे किंवा तिन्हीसांजेला जा, कारण त्याच वेळी थवे रात्रीच्या जागेवरून शेतांकडे आणि परत असे उडतात. दुपारी ते शेतात विखुरलेले असतात, मजा येत नाही. पोर्ट एलनहून लाफ्रॉइग, लागाव्हुलिन आणि आर्डबेग या व्हिस्कीच्या तिन्ही भट्ट्यांपर्यंत पाच किलोमीटरची पायवाट आहे. गाडी मुक्कामी ठेवून चालतच जा. स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून चालकासाठी दारूची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात पन्नास मिलिग्रॅम आहे, इंग्लंडच्या ऐंशीपेक्षा खूपच कमी. एका पेगनंतर चाकामागे बसायचा विचारही नको. बऱ्याच भट्ट्या चालकाचा वाटा छोट्या बाटलीत भरून देतात, मागून घे.

जुरा समोरच, पाच मिनिटांच्या बोटीवर आहे. तिथे मोटरहोम नेऊ नका. रस्ता एकच आणि एकेरी, मोठी गाडी वळवायला जागा कमी. पायी जा.

आयलाहून परत केनाक्रेग, तिथून ओबन साधारण नव्वद किलोमीटर, आणि ओबनहून पाऊण तासाच्या बोटीनं मलच्या क्रेगन्यूरला. मलला चार रात्री ठेवा, कारण नकाशावर लहान दिसणारं हे बेट रस्त्यावर मोठं होतं. क्रेगन्यूर ते फिनाफोर्ट साठ किलोमीटर, जवळजवळ सगळा रस्ता एकेरी, दीड तास धरा. फिनाफोर्टहून समोरच्या आयोना या छोट्या बेटावर पाहुण्यांच्या गाड्या नेत नाहीत; दहा मिनिटांची बोट, पायी जायचं. पश्चिम किनाऱ्यावर ग्रिबुनच्या कड्याखालून जाणारा रस्ता देखणा आहे, पण एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मागे घ्यायची वेळ आली तर मोठ्या गाडीची कसोटी. सहा मीटरपेक्षा लांब गाडी असेल तर तो रस्ता सोडा. मलहून निघताना ओबनची बोट रद्द झाली तर फिशनिशहून लॉखॅलिनची अठरा मिनिटांची बोट बघायची. ती आडोशाच्या पाण्यातून जाते, म्हणून मोठी बोट बंद असतानाही पुष्कळदा चालू असते. पलीकडून एकेरी रस्त्यानं कॉरनची छोटी बोट, किंवा तीही नको असेल तर खाडीला वळसा घालून फोर्ट विल्यम. वेळ लागतो, पण अडकून पडत नाही. मल निवडायचं मोठं कारण हेच.

स्काय यादीतून काढ म्हटल्यावर वहिनी नाराज होतील, ठाऊक आहे. पण स्कायला १९९५ पासून पूल आहे आणि २००४ पासून त्यावर टोलही नाही. म्हणून स्काय राखीव ठेवा. आयलाची किंवा मलची बोटच बंद पडली तर ते दिवस स्कायला वळवता येतील. स्टॉर आणि क्विरांग या स्कायवरच्या प्रसिद्ध डोंगरांच्या वाहनतळांवर ऑक्टोबरातही सकाळी नऊनंतर जागा मिळायला त्रास होतो. लुईस-हॅरिस आणि बॅरा मे-जूनच्या खेपेला ठेवा, तेव्हा रात्री दहानंतरही उजेड असतो. ऑर्कनीला दोन वाटा आहेत, स्क्रॅब्स्टरहून आणि गिल्स बेहून, त्यामुळे ते माझ्या नियमात बसतं. पण इनव्हर्नेसच्याही पुढे दीड-दोनशे किलोमीटर जायचं, आणि तिथली बेटं जोडणारे चर्चिल बंधारे लाटा वरून यायला लागल्या की बंद करतात. स्कारा ब्रे आणि मेशॉव ही तिथली अश्मयुगीन ठिकाणं बघायची असतील तर फक्त ऑर्कनीच घ्या, मग बाकी काही नको.

आता गाडी. तुझं भारतीय लायसन्स तिथे बारा महिने चालतं, साडेतीन टनांपर्यंतची गाडी चालवता येते. तरी भाड्याची कंपनी वयाची आणि अनुभवाची अट घालते, ती आधी विचार. दोघांसाठी सहा मीटर लांबीची व्हॅन घे. साडेसात मीटरची, मागे कायमचा पलंग असलेली गाडी घेऊ नकोस, आणि याचं कारण पलंगात नाही, मागच्या चाकांच्या मागे लोंबणाऱ्या भागात आहे. क्लोनेग आणि लॉखॅलिनसारख्या ठिकाणी बोट सिमेंटच्या उतारावर येऊन आपली फळी टाकते. ओहोटीला बोट खाली असते, उतार आणि फळी यांच्यामध्ये खोल कोन तयार होतो. पुढची चाकं फळीवर चढली की गाडीची शेपटी खाली जाते आणि जमिनीला घासते. सगळ्यात आधी लागतो तो सांडपाण्याच्या टाकीचा नळ, मग मागचा बंपर, मग सायकल अडकवायचा सांगाडा. उपाय तीन. भरतीच्या आसपासची फेरी निवड. धक्क्यावर जाण्याआधी सांडपाण्याची टाकी रिकामी कर, म्हणजे मागचं वजन घटतं. आणि कर्मचाऱ्याला आधीच सांग की मागे लांब भाग आहे. ते गाडी तिरकी घ्यायला सांगतात किंवा फळीखाली लाकडी ठोकळे ठेवतात. पहिल्या गियरमध्ये, चालण्याच्या गतीनं चढव. घाई केली की शेपटी आपटते.

तिकीट काढताना लांबी खरी सांग, सायकलचा सांगाडा धरून. धक्क्यावर मोजतात, आणि जास्त निघाली तर बोटीत जागा नाकारू शकतात. बोटीवर गॅसच्या सिलेंडरचा वॉल्व्ह बंद, फ्रिज गॅसवर असेल तर तोही बंद, हँडब्रेक आणि गाडी गियरमध्ये. चोरघंटाही बंद कर, नाहीतर बोटीच्या हेलकाव्यानं वाजत राहते. गॅस प्रोपेनच माग. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचं जवळजवळ थांबतं. प्रोपेन उणे चाळीसपर्यंत चालतं.

एकेरी रस्त्यावर बाजू द्यायच्या जागा दर थोड्या अंतरावर असतात. जागा डावीकडे असेल तर आत जा. उजवीकडे असेल तर आपल्याच बाजूला तिच्यासमोर थांब, म्हणजे समोरचा आत शिरेल. मागे स्थानिक गाडी लागली तर तिलाही पुढे जाऊ दे. डॉक्टर असेल, शाळेची बस असेल, बोट गाठायची असेल. आणि अशा जागेवर रात्री गाडी उभी करणं अजिबात नको.

रात्रीच्या मुक्कामाबद्दल एक गैरसमज इथे येणाऱ्या बऱ्याच जणांचा असतो. स्कॉटलंडच्या २००३ च्या जमीन कायद्यानं बहुतेक मोकळ्या जमिनीवर तंबू ठोकायचा हक्क दिला आहे, पण तो चालणाऱ्याला, सायकलवाल्याला, होडीवाल्याला. मोटर गाड्या त्यात बसत नाहीत. समुद्रकाठच्या हिरवळीवर चाकं घालूच नकोस. तिथली माती वाळूची आहे, वरची गवताची साय एकदा फाटली की वारा ती उडवून नेतो. शिवाय पुढची चाकं चालवणारी व्हॅन ओल्या गवतावर जागच्या जागी फिरत बसते. मुक्कामाच्या तळावर खडी टाकून पक्की केलेली जागा मागून घे. बरेच तळ सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात बंद होतात, म्हणून प्रत्येकाला आताच फोन करून तारीख विचार. वीजजोडणी दर दुसऱ्या किंवा तिसऱ्या रात्री तरी घे. ऑक्टोबरच्या मध्याला इथे आठच्या सुमारास उजाडतं, सव्वासहाला सूर्य मावळतो आणि दिवसभरही खालूनच जातो, त्यामुळे छतावरच्या सौर पॅनेलच्या भरवशावर हीटरचा पंखा रात्रभर चालत नाही.

शौचालयाची पेटी फक्त तळावरच्या ठरलेल्या जागी रिकामी करायची. बेटांवरची सार्वजनिक शौचालयं बहुतेक सेप्टिक टाकीवर चालतात. पेटीतल्या रसायनानं टाकीतले जिवाणू मरतात आणि टाकी तुंबते. एका गावाचं शौचालय बंद पडायला तेवढं पुरतं.

वारा असेल तेव्हा गाडीचं नाक वाऱ्याकडे करून लाव आणि दार उघडताना घट्ट धर, एका वेळी एकच. समोरासमोरची दोन दारं उघडली तर वारा आरपार घुसून दार बिजागरीतून उपटतो, आणि असं नुकसान पुष्कळदा विम्यात बसत नाही. छताची खिडकी निघण्याआधी वहिनींनी एकदा हातानं ओढून बघावी.

किराणा ग्लासगोलाच भरा. पोलोकशील्ड्स भागात तूरडाळ, पोहे, मसाले सगळं मिळतं. दूध, भाजी, ब्रेड यांसाठी ब्रॉडिक, बोमोर आणि टोबरमोरीला को-ऑपची दुकानं आहेत. पण बोट दोन दिवस आली नाही की फळ्या रिकाम्या होतात, म्हणून दोन दिवसांचं खाणं कायम गाडीत असू द्या. छोटा कुकर घरून आणा. शिट्टी होताना छताची झडप उघडी ठेवा, नाहीतर रात्रभर खिडक्यांवरून पाणी गळतं आणि गाद्या ओल्या होतात.

शेवटच्या दोन रात्री मुख्य भूमीवर काढा, ओबनजवळ किंवा लॉख लोमंडकाठी. विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर असणं मला मुळीच पटत नाही.

आता दोन गोष्टी लगेच कळव : गाडीची कागदावरची पूर्ण लांबी, आणि ग्लासगोला उतरायची तारीख. क्लोनेगच्या बोटीची वेळ भरतीशी जुळवून त्यावरून बाकीचे दिवस मांडतो. आयलाचं आरक्षण मात्र माझी वाट न बघता करून टाक, त्या बोटीत मोठ्या गाड्यांची जागा लवकर संपते.

काकूंना नमस्कार, वहिनींना स्काय राखीव आहे म्हणून सांग.

तुझा,
अविनाश