निळ्या दिव्याखालचे रसायन

महोदय,

इथर ३५ अंशांच्या आतच उकळते. मे महिन्यात आमच्या प्रयोगशाळेचा पारा चाळिशीपार, त्यामुळे इथरमध्येच करायच्या ग्रिन्यार्डच्या (कार्बन-कार्बन जोडण्याच्या) प्रयोगाला बाटलीचे बूच काढले की इथर पोरांच्या डोळ्यांदेखत उडायचे. कार्बनला कार्बन जोडायला मी वर्षानुवर्षे असेच शिकवले.

आता वाट बदलली आहे. २०१४ पासून गाजलेल्या पद्धतीत इरिडियमचे संयुग निळा प्रकाश शोषते, एकेका इलेक्ट्रॉनची देवघेव करते. त्यातून कार्बनचा मुक्त मूलक, म्हणजे एकट्या इलेक्ट्रॉनचा, जोडीदार शोधणारा तुकडा तयार होतो. निकेल त्याला पकडते आणि दुसऱ्या कार्बनशी गाठ मारून देते. साखळी वाढते, तीही खोलीच्या तापमानाला. (नागपुरात खोलीचे तापमान म्हणजे किती, हे विचारू नये!)

परवा ओळखीच्या एम.एस्सी.च्या मुलाने याच प्रयोगासाठी बर्डीच्या बाजारातून निळ्या एलईडीची पट्टी आणली, बरणीत आतून गुंडाळली, वर जुना पंखा बसवला. दिवा तयार. इरिडियम महाग, हे खरे. पण काही अभिक्रियांना इओसिनसारखा स्वस्त रंग आणि हिरवा दिवाही पुरतो. तरी त्याच्या महाविद्यालयात म्हणे, ‘प्रयोगवहीत नाही, करू नका.’ निदान असा एक प्रयोग त्या वहीत घाला की!

– एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, धरमपेठ, नागपूर