बाबांच्या मानेची डॉपलर

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर बाबा विषय बदलतात, म्हणून लिहून पाठवतेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव.

बाबा, सुपारी कातरताना उजव्या हातातून अडकित्ता गळून पडला, दहा मिनिटं जीभ जड झाली, मग सगळं पूर्ववत. तुम्ही म्हणालात पित्त, आणि कोकम सरबत घेऊन आडवे झालात. मला कळलं ते आज, दोन दिवसांनी. पित्ताने एकाच बाजूचा हात लुळा पडत नाही हो. मेंदूच्या डाव्या भागाचं रक्त थोडा वेळ अडलं असणार. डॉक्टर याला टीआयए म्हणतात. आपोआप बरं वाटलं तरी मोठा झटका यायची भीती याच पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त असते.

उद्या डॉक्टरांना दाखवू, सांगतील तर एमआरआयही करू, पण मानेची डॉपलर, म्हणजे मानेतल्या धमन्यांची सोनोग्राफी, करायचीच. मेंदू जेमतेम दीड किलोचा, पण त्याला मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास रक्त लागतं, आणि त्यातलं बरंचसं मानेतल्या दोन कॅरॉटिड धमन्यांतून वर जातं. कलमांना पाणी घालताना तुम्ही पाइपच्या तोंडावर अंगठा दाबता तेव्हा धार कशी जोरात सुटते? धमनी आतून चरबीने अरुंद झाली की त्या जागी रक्त तसंच धावतं. धावत्या तांबड्या पेशींवरून परतणाऱ्या ध्वनिलहरींवरून यंत्र तो वेग मोजतं. गाडी जवळ येताना नि लांब जाताना शिट्टीचा सूर बदलतो, असा नववीला तुम्ही शिकवलेला डॉपलर, तोच हा.

१९४०च्या दशकात अमेरिकेत केटी आणि श्मिट यांनी मेंदूचा रक्तप्रवाह मोजला, तेव्हा माणसाला दहा मिनिटं नायट्रस ऑक्साइड हुंगवून मानेतल्या शिरेत सुई घालावी लागे. तुम्हाला सुईच नाही. मामंजींची केली तेव्हा मी आत उभी होते. मानेला गार जेल लावलं, आणि यंत्रातून फस्‌ फस्‌ असा ठोका ऐकू आला. अर्ध्या तासात बाहेर.

आणि आई, मधे पुन्हा असं काही झालं, तोंड वाकडं दिसलं, तर घड्याळ बघून ठेव आणि लगेच निघा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि पूर्णगडाहून रत्नागिरी गाठण्यातही वेळ जातोच.

गाडी पहाटे सहाला दारात येईल. बीपीच्या गोळ्या नि जुने रिपोर्ट पिशवीत घाल. बाबांना गळ्याशी सैल सदरा दे. मी रात्रीच्या गाडीने निघतेय, रत्नागिरीला भेटते.

तुमची,
ताई